घरी बांधलेल्या विमानात हीटर कसा असतो? आणि त्याच उबेतून विषारी वायू आत येतो तेव्हा काय होतं?

२ फेब्रुवारी २०१७. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात कडाक्याची थंडी होती. एक वैमानिक आपलं छोटं मूनी विमान घेऊन डुलुथहून विनोनाला निघाला. विमानात तो एकटाच होता. प्रवास जेमतेम तासाभराचा. विमान वर गेलं, त्याने ऑटोपायलट लावला आणि थोड्या वेळाने त्याची शुद्ध हरपली.

विमान मात्र उडत राहिलं. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत सरळ रेषेत उडत राहिलं आणि मग घरंगळत एलेनडेल गावाजवळच्या बर्फाळ शेतात उतरलं. वैमानिकाला जाग आली तेव्हा तो मोडक्या विमानात बसलेला होता. हाडं मोडली होती, पण जीव शाबूत होता. त्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला आणि विमानाच्या मफलरला तडे गेलेले आढळले.

मफलर म्हटलं की आपल्याला थंडीत गळ्याभोवती गुंडाळायचा मफलर आठवतो. इथला मफलर म्हणजे इंजिनाचा सायलेन्सर. गंमत अशी, की छोट्या विमानात थंडी घालवायचं कामही हाच मफलर करतो. गडबड तिथेच आहे.

हे सगळं आत्ता बोलायचं कारण म्हणजे नियम बदलतायत. ब्रिटनने १ जानेवारी २०२५ पासून छोट्या विमानांत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं केलं. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये छोट्या विमानांचे नियम बरेच सैल केले. एक देश नियम आवळतोय, दुसरा सोडतोय. मधल्या मध्ये बसलाय तो विमान स्वतःच्या हाताने बांधणारा माणूस, आणि त्याच्या शेजारच्या सीटवरचा प्रवासी.

विमान घरी बांधतात म्हणजे काय?

आपल्याकडे हा प्रकार दुर्मीळ आहे, पण अगदीच अनोळखी नाही. कांदिवलीतल्या चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ मध्ये बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. पुढे २०२० मध्ये धुळ्यात त्याच्या उड्डाण चाचण्या झाल्या. मूळचे केरळचे आणि ब्रिटनमध्ये राहणारे इंजिनिअर अशोक थामरक्षन यांची गोष्टही २०२२ मध्ये सोशल मीडियावर भरपूर फिरली होती. लॉकडाऊनमध्ये त्यांनी 'स्लिंग टीएसआय' या चार आसनी विमानाचं किट आणलं, ते जोडलं आणि कुटुंबाला घेऊन युरोपभर फिरले.

अमेरिकेत मात्र ही मोठी चळवळ आहे. १९५३ मध्ये स्थापन झालेली एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, म्हणजे ईएए, दर जुलैमध्ये विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला जत्रा भरवते आणि हजारो विमानं तिथे उतरतात. ऑरेगनमधल्या 'व्हॅन्स एअरक्राफ्ट' या एकाच कंपनीच्या किटमधून तयार झालेली अकरा हजारांहून अधिक 'आरव्ही' विमानं आजवर उडाली आहेत. कायद्याची मुख्य अट एवढीच, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं असलं पाहिजे.

कारखान्यात बनलेल्या विमानाला प्रत्येक भागासाठी परीक्षा द्यावी लागते. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड किती चालेल, यालाही मर्यादा होती : हवेच्या वीस हजार भागांत एक भाग, म्हणजे ५० पीपीएम. घरी बांधलेल्या विमानाला ही परीक्षा नाही. त्याला 'एक्सपेरिमेंटल' असं प्रमाणपत्र मिळतं. आत एक पाटी लावावी लागते, जिचा आशय असा : हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे, नेहमीच्या विमानांचे सुरक्षानियम ते पाळत नाही.

आता अशा विमानात बसून दहा हजार फुटांवर जा.

वर थंडी किती असते?

सर्वसाधारण हिशेब असा, की दर हजार फुटांना तापमान दोन अंशांनी उतरतं. खाली १५ अंश असेल, तर दहा हजार फुटांवर उणे ५. धुळ्यात मे महिन्यात खाली ४० अंश असताना तेवढ्याच उंचीवर २० च्या आसपास. त्यामुळे खानदेशात हीटरची आठवण कुणाला होणार नाही. पण विस्कॉन्सिनमध्ये जानेवारीत खालीच उणे १५ असतं. वर काय होईल, याचा हिशेब तुम्हीच करा.

त्यात या विमानांची बांधणी अशी, की थंडीला आमंत्रणच. अंग म्हणजे एक मिलिमीटरहून पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचा घुमट, ज्याला कॅनोपी म्हणतात. ऊन असेल तर डोकं तापतं आणि पाय मात्र फ्रीजमध्ये ठेवल्यासारखे. इन्सुलेशन घालावं, तर वजन वाढतं. छोट्या विमानात प्रत्येक किलो मोजून घेतलेला असतो.

मग बॅटरीवर हीटर का चालवत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. साधं गणित करून बघा. अशा विमानातला अल्टरनेटर बऱ्याचदा ६० अँपिअरचा असतो. १४ व्होल्टने गुणलं की ८४० वॉट. त्यावरच रेडिओ, स्क्रीन, दिवे, सगळं चालतं. बाजारात मिळणारा खोलीतला साधा हीटर २००० वॉटचा असतो. तेवढी ऊब विजेवर मिळवायची, तर १४० अँपिअरहून जास्त वीज फक्त हीटरलाच लागेल. म्हणून विजेचा उपयोग सीटखाली गादी तापवण्यापुरता किंवा मोटारसायकलवाले घालतात तशा तापणाऱ्या जाकिटापुरता होतो. तो चांगलाच होतो, कारण गादी हवा न तापवता थेट माणसाला तापवते.

खरी उष्णता आहे ती इंजिनाकडे. १८० अश्वशक्तीचं इंजिन तासाला पस्तीस-चाळीस लिटर पेट्रोल जाळतं. त्यातली साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून कमी ऊर्जा पंखा फिरवायला लागते. बाकीची उष्णता बनून बाहेर जाते आणि तिचा मोठा वाटा सायलेन्सरच्या नळीतून जातो. नळीतला वायू सातशे-आठशे अंशांवर असतो. फुकटची शेकोटी पेटलेली असताना दुसरं काही कोण शोधणार?

हीटर म्हणजे नेमकं काय?

मोटारीत इंजिनाभोवती पाणी फिरतं. तेच गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून जातं आणि पंख्याची हवा त्यावरून आत येते. म्हणजे धूर आणि आतली हवा यांच्यामध्ये पाणी असतं. बहुतेक छोट्या विमानांच्या लायकमिंग किंवा कॉन्टिनेंटल इंजिनांत पाणीच नसतं. ती बुलेटच्या इंजिनासारखी हवेने थंड होतात. म्हणून इथे दुसरी युक्ती.

सायलेन्सरच्या नळीभोवती पत्र्याचं एक नळकांडं बसवतात. याला 'हीट मफ' म्हणतात. नळी आणि नळकांडं यांच्यामधल्या बोटभर फटीत समोरची ताजी हवा सोडतात. हवा तापते आणि साधारण दोन इंच जाडीच्या नारिंगी नळीतून फायरवॉलवरच्या झडपेपर्यंत येते. फायरवॉल म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा. वैमानिकाने दांडी ओढली की झडप उघडते आणि गरम हवा पायांवर येते. दांडी आत ढकलली की तीच हवा बाहेर इंजिनाच्या खोलीत सोडून दिली जाते, म्हणजे मफ उगाच तापत बसत नाही.

यात पंखा नाही, मोटर नाही. स्वस्त, हलकं, बिघडायला फारसं काही नाही. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या : विषारी धूर आणि तुमच्या नाकात जाणारी हवा यांच्यामध्ये त्या नळीची एकच भिंत असते. मिलिमीटरभर जाडीची, रोज लालबुंद तापणारी आणि रोज थंड होणारी भिंत.

ही झडपही साधीसुधी गोष्ट नाही. फायरवॉल स्टेनलेस स्टीलची असते, कारण इंजिनाला आग लागली तर ती आग काही काळ तरी अडली पाहिजे. कारखान्याच्या विमानांत साधारण ११०० अंशांच्या ज्वालेसमोर पंधरा मिनिटं टिकण्याची कसोटी असते. पण अनेक हौशी बांधकामांत झडपेची पेटी अ‍ॅल्युमिनियमची असायची. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. म्हणजे पोलादी भिंतीला दोन इंचांचं भोक पाडून त्यावर मेणाचं झाकण ठेवल्यासारखं. आता जाणकार बांधणारे स्टीलचीच पेटी घेतात. पण जुन्या विमानांत काय बसवलंय, ते उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

हीटर आहे, तरी थंडी का वाजते?

हौशी विमानवाल्यांची सगळ्यात मोठी तक्रार ही आहे. हीटर पूर्ण उघडलाय, नडग्या भाजतायत आणि तरीही पाठ गारठलीय.

याचं उत्तर हीटरमध्ये नसून फटींमध्ये आहे. आरव्हीसारख्या विमानात कॅनोपीच्या फुगीर घुमटावरून हवा वेगाने जाते आणि तिथला दाब कमी होतो. कॅनोपीच्या कडांतल्या फटींमधून केबिनमधली हवा वर ओढली जाते. गेलेल्या हवेच्या जागी कुठून तरी हवा यायलाच हवी. ती येते शेपटीकडून, सीटच्या मागच्या भागातून. पंख हलवणारे दांडे ज्या भोकांतून केबिनमध्ये शिरतात, त्या भोकांतून. बाहेरची उणे दहा अंशांची हवा मानेवर आणि कमरेवर. वारा उलटा, मागून पुढे वाहतो.

एकामागे एक बसण्याच्या 'आरव्ही ८' सारख्या विमानात तर पुढचा आणि मागचा यांचं कधीच जमत नाही. एकाला उकडतं, दुसऱ्याला हुडहुडी भरते. बर्ट रुटान यांच्या 'लाँग-ईझी'सारख्या विमानांत इंजिनच मागे आहे. तिथे गरम हवा पायांपर्यंत आणायची म्हणजे लांबच लांब नळी, आणि वाटेतच ती गार होते. म्हणून काही बांधणाऱ्यांनी इंजिनाचं गरम ऑइल नळ्यांतून पुढे आणून त्याचा छोटा रेडिएटर नाकाजवळ बसवला.

या सगळ्यावर उपाय करताना पहिली चूक बहुतेक जण एकच करतात. हीटर मोठा करतात. एकाच्या जागी दोन मफ लावतात. मफच्या आत स्टीलची स्प्रिंग किंवा भांडी घासायच्या स्टीलच्या घासणीसारखी जाळी कोंबतात, म्हणजे हवा आत जास्त घुटमळेल आणि जास्त तापेल. युक्ती चालते, हवा खरंच जास्त गरम येते. पण इंजिनाच्या थरथराटात ती स्प्रिंग नळीवर घासत राहते. नळी तिथे पातळ पडण्याची भीती असते. जी भिंत तुम्हाला धुरापासून वाचवते, तीच आतून झिजवायची सोय आपल्या हाताने करून ठेवायची. आणि मफ लावलेला असल्यामुळे झिजलेलं बाहेरून दिसतही नाही.

दुसरी गोष्ट लोकांच्या उशिरा लक्षात येते. भरलेल्या बादलीत आणखी पाणी ओतता येत नाही. केबिन शेपटीकडून आलेल्या गार हवेने भरलेली असेल, तर हीटरमधून गरम हवा आत येणार तरी किती? आधी पंखांच्या दांड्यांभोवती कापडी किंवा चामड्याचे मोजे चढवा, सीटमागचा भाग बंद करा, कॅनोपीच्या कडांना फोमची पट्टी लावा. मगच हीटर पुरतो की नाही ते कळेल. अनेकदा पुरतो. या कामाला खर्च किरकोळ, फक्त गुडघ्यांवर बसून टॉर्च लावून फटी शोधायचा कंटाळा नको.

थंडी म्हणजे केवळ गैरसोय, असंही नाही. बोटं आखडली की बटणं नीट दाबली जात नाहीत. श्वासाच्या वाफेने कॅनोपी आतून धुरकट होते आणि उतरताना समोरची धावपट्टी दिसत नाही. त्यासाठी काही जण कॉम्प्युटरमधले छोटे पंखे डॅशबोर्डच्या वरच्या फळीत बसवतात. खालची ऊब वर काचेकडे जाते आणि जाता जाता रेडिओही थंड राहतात. आणि गारठलेला माणूस निर्णय घाईने घेतो. म्हणून हीटर ही चैन आहे, असं कुणी म्हणत असेल तर ते पटण्यासारखं नाही.

विषाचं काय?

महाराष्ट्रात दर हिवाळ्यात बाथरूममधल्या गॅस गिझरच्या बातम्या येतात. दार-खिडकी बंद, आत गिझर चालू, माणूस अंघोळीला जातो आणि बाहेर येतच नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्यांच्याही बातम्या येतात. वायू तोच, कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरून ठेवतं. बाथरूममधून ओढून बाहेर काढायला निदान घरचे असतात.

विमानात आणखी दोन गोष्टी भर घालतात. एक, उंचीवर हवाच विरळ असल्याने ऑक्सिजन आधीच कमी मिळत असतो. दोन, हा वायू सगळ्यात आधी डोक्यावर परिणाम करतो. थोडं डोकं दुखतं, थोडी सुस्ती येते, आणि आपलं काही चुकतंय हे कळण्याची ताकदच निघून जाते. आणि एकदा रक्तात शिरला की लवकर निघत नाही. साध्या हवेत त्याचं प्रमाण निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात.

२१ जानेवारी २०१९ च्या रात्री फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्समधल्या नाँतहून कार्डिफला निघाला होता. इंग्लिश खाडीवर त्याचं एक इंजिनाचं पायपर मालिबू विमान कोसळलं. सालाच्या रक्तातलं कार्बोक्सीहिमोग्लोबिन ५८ टक्के निघालं. पन्नासच्या वर गेलं की धडधाकट माणसाचाही जीव जाऊ शकतो. वैमानिक डेव्हिड इबॉटसन यांचा मृतदेह कधीच मिळाला नाही. ब्रिटनच्या एएआयबी या तपास संस्थेने मार्च २०२० च्या अहवालात म्हटलं, की वैमानिकावरही या वायूचा परिणाम झाला असण्याची शक्यता आहे. विमान जपून हाताळण्याच्या वेगापेक्षा खूप जास्त वेगात होतं आणि हवेतच त्याचे तुकडे झाले. हे उड्डाण ठरवून देणाऱ्याला पुढे तुरुंगवासही झाला, पण तो खटला परवान्यांच्या आणि बेजबाबदारपणाच्या मुद्द्यावर होता. केबिनमध्ये इशारा देणारं यंत्र असतं तर, हा प्रश्न त्याहून साधा होता. ते विमानात नव्हतं, आणि कायद्याने असायलाच हवं असंही नव्हतं.

लक्षात घ्या, ते कारखान्यात बनलेलं, प्रमाणित विमान होतं. मिनेसोटातली मूनीसुद्धा तशीच.

आणि हीटर बंद ठेवला की प्रश्न मिटला, असंही नाही. ३१ डिसेंबर २०१७ ला, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ऐन उन्हाळ्यात, सिडनीजवळ हॉक्सबरी नदीच्या भागात एक बीव्हर सी-प्लेन कोसळलं आणि सहा जण गेले. तिथे उबेची गरज कुणाला होती? तपासात इंजिनाच्या धूर गोळा करणाऱ्या कड्याला तडे सापडले आणि फायरवॉलच्या झाकणाचे काही बोल्ट जागेवर नव्हते. धूर त्या भोकांतून आत आला होता. घरी बांधलेल्या विमानात तर भोकांना तोटा नाही. ज्या फटीतून गार हवा येते, त्याच फटीतून पोटाखालून वाहणारा धूरही येतो. वर चढताना नाक उंच असतं आणि पेट्रोलचं मिश्रण दाट असतं, म्हणून धुरात हा वायू तेव्हा सर्वाधिक. थंडीसाठी बुजवलेली फट धुरासाठीही बुजते, हा त्यातला फायदा.

नियम काय म्हणतात?

अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास मंडळाने २० जानेवारी २०२२ ला आकडे मांडले. १९८२ ते २०२० या काळात कार्बन मोनॉक्साइडमुळे झालेले ३१ अपघात. त्यातले २३ जीवघेणे, ४२ मृत्यू. या ३१ पैकी फक्त एका विमानात इशारा देणारं यंत्र सापडलं. मंडळाने हेच २००४ मध्येही सांगितलं होतं, की यंत्र सक्तीचं करा. नियम करणाऱ्या एफएएने तेव्हा सक्ती केली नाही. वापरा, चांगलं असतं, अशी शिफारस केली.

एफएएची बाजू अगदीच पोकळ नाही. चार दशकांत ३१ म्हणजे वर्षाला एकही नाही. इंजिन बंद पडून, हवामानात सापडून यापेक्षा कितीतरी जास्त लोक जातात. प्रत्येक विमानावर नवी वस्तू लादायची तर खर्च आणि फायदा यांचा हिशेब द्यावा लागतो. पण या हिशेबात एक खोट आहे. अपघातानंतर मृतदेह हाती लागला, तो तपासण्याजोगा असला आणि कुणी रक्त तपासलं, तरच हा वायू सापडतो. सालाचा देह समुद्रतळाशी विमानाच्या अवशेषांत मिळाला म्हणून ५८ टक्के हा आकडा जगाला कळला. इबॉटसन यांच्याबाबत तपासनीसांना 'शक्यता' एवढंच म्हणता आलं. तेव्हा ३१ हा खालचा आकडा समजायला हवा.

ब्रिटनच्या सीएएने मधला रस्ता काढला. पिस्टन इंजिनाच्या विमानात, स्वतः वैमानिक नसलेला प्रवासी घेऊन उडायचं असेल, तर आवाजाने किंवा दिव्याने जागं करणारं यंत्र हवंच. एकटे उडत असाल, किंवा सोबतचाही वैमानिक असेल, तर तुमची मर्जी. यामागचा विचार सरळ आहे. ज्याने विमान बांधलं त्याला धोका ठाऊक आहे. शेजारी बसलेल्या मेव्हण्याला मफ म्हणजे काय हे माहीत नाही. अमेरिकेतली ती पाटी त्याने वाचली, तरी त्यातून त्याला सायलेन्सरच्या तड्याबद्दल काय कळणार?

आता अमेरिकेतल्या बदलाकडे बघू. २२ जुलै २०२५ ला ऑशकॉशच्या जत्रेतच 'मोझेक' नावाचा नियम जाहीर झाला. पूर्वी 'स्पोर्ट पायलट' हा सोपा परवाना असलेल्याला ६०० किलोपर्यंतचं दोन आसनी विमानच उडवता यायचं. आता वजनाऐवजी विमान किती कमी वेगात तरंगू शकतं, हा निकष आहे आणि चार आसनी विमानंही चालतात, प्रवासी मात्र एकच. हा भाग २२ ऑक्टोबर २०२५ ला लागू झाला. बऱ्याचशा आरव्ही आणि जुनी सेसना १७२ त्यात बसतात. या परवान्याला वेगळी वैद्यकीय तपासणी लागत नाही, मोटारीचं लायसन्स पुरतं. हौशी लोकांनी याचं जोरदार स्वागत केलं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण याचा अर्थ असाही, की जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हातातल्या विमानांना नवे गिऱ्हाईक मिळणार.

आणि दुसऱ्या हातातल्या घरगुती विमानाची अडचण वेगळीच असते. ज्याने बांधलं त्याला वर्षाची तपासणी स्वतः करण्याचा परवाना मिळू शकतो. त्याला ठाऊक असतं, मफच्या आत आपण काय कोंबलंय. विकत घेणाऱ्याला बांधणाऱ्याचा तो परवाना मिळत नाही. तो बऱ्याचदा मेकॅनिककडे जातो. मेकॅनिकसमोर असं विमान, ज्याच्यासारखं दुसरं नाही. कारखान्याच्या विमानाला छापील पुस्तक असतं. इथे नळी कुठून कुठे गेलीय, हे बांधणाऱ्याच्या डोक्यात किंवा एखाद्या जुन्या वहीत.

मग करायचं काय?

मफ दरवर्षी काढायचाच. नुसतं बाहेरून टॉर्च मारून चालत नाही. तपासण्याची पद्धत आपल्या पंक्चरवाल्याची आहे. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो. इथे व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला लावतात आणि वरून साबणाचं पाणी फवारतात. जिथे फेस उठला तिथे तडा. बहुतेक वेळा तो जोडावर, वेल्डिंगच्या कडेला असतो.

यंत्र घेताना स्वस्तातलं चिकटवायचं कार्ड घेऊ नका. वायू लागला की त्यावरचा ठिपका काळा पडतो, पण ते ओरडत नाही आणि काही महिन्यांत निकामी होतं. ज्याचं डोकं सुन्न होतंय, तो ठिपक्याकडे बघणार कधी? घरात लावायचा साधा अलार्मही इथे अपुरा. अमेरिकेतल्या मानकानुसार तो ७० पीपीएमला तासाभरानंतर, कधी चार तासांनी वाजतो. घरात झोपलेल्यासाठी ते ठीक असेल. विमानाला लगेच आकडा दाखवणारं आणि कमी प्रमाणातच बोंब मारणारं यंत्र लागतं. अशी खिशात मावणारी यंत्रं शंभर-दोनशे डॉलरच्या घरात मिळतात. विमानातल्या एका रेडिओची किंमत त्याच्या कितीतरी पट असते.

यंत्र वाजलं तर आधी हीटर बंद. मग ताज्या हवेच्या झडपा पूर्ण उघडायच्या, ऑक्सिजन असेल तर लावायचा, रेडिओवर सांगायचं आणि जवळच्या धावपट्टीवर उतरायचं. बरं वाटतंय म्हणून पुढे जायचं नाही, कारण बरं वाटणंही त्याच डोक्याने ठरवलेलं असतं. उतरल्यावर रक्त तपासून घ्यायचं.

रोटॅक्सची नवी इंजिनं वापरणाऱ्यांना थोडा वेगळा रस्ता आहे. या इंजिनांची डोकी पाण्याने थंड होतात, त्यामुळे मोटारीसारखा छोटा रेडिएटर बसवून केबिन तापवता येते आणि हीटरच्या वाटेने धूर यायचा प्रश्न राहत नाही. फायरवॉलची भोकं मात्र तिथेही असतात. पाणी गळलं तर काचेवर चिकट वाफ धरते, ते वेगळंच. लायकमिंगच्या जुन्या इंजिनांवर उडणाऱ्या हजारो विमानांना हा पर्याय नाही. त्यांच्या पायांवर येणारी ऊब यापुढेही सायलेन्सरच्या नळीवरूनच येणार आहे. मोझेकचा दुसरा भाग, नव्या विमानांच्या प्रमाणपत्रांचा, जुलै २०२६ चा आहे. त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात ती दांडी ओढणाऱ्यांमध्ये बरेच नवे हात असतील.